वांग्यातली अळी आणि खुरपणीचा हिशेब

शनिवारी संध्याकाळी तात्यांनी माझ्या पिशवीतलं एक वांगं उचललं, भोक दिसलं तिथं नख घालून दोन तुकडे केले आणि कट्ट्यावर ठेवले. आत अळी वळवळत होती.

"हे तू पुण्याच्या माणसाला दुप्पट भावानं देतोस?"

"निवडताना राहिलं, तात्या. किडकं निघालं तर बदलून देतो, असं गिऱ्हाइकांना आधीच सांगितलंय."

तात्यांचा तीन एकर टोमॅटो, सगळा माल नारायणगावच्या बाजारात. माझी पंधरा गुंठे भाजी, चार वर्षं झाली खताची गोणी आणि औषधाची बाटली शेतात नेलेली नाही. आमचा वाद जुनाच. पण त्या दिवशी शेठही होता, आणि त्याचं फवारणीच्या औषधांचंच दुकान.

"अळी एकदा फळात शिरली की माझ्याकडचं औषधसुद्धा तिला नीट लागत नाही," शेठ म्हणाला. "तरी लोक आठवड्याला दोनदा मारतात."

मी तेच म्हणत होतो. ही अळी फळं लागायच्या आधी शेंड्यात असते. शेंडा मान टाकतो. तो दिसला की खालून खुडायचा आणि बांधावर न टाकता जाळायचा. मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारे कामगंध सापळे लावायचे, त्यातली वासाची वडी वेळेवर बदलायची. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर पाण्यात. आणि टोमॅटो-मिरचीच्या रानात लगेच वांगं लावायचं नाही, एकाच कुळातली पिकं ती. यातलं एकही काम चुकलं की तात्यांच्या हातातलं वांगं निघतं. मागच्या पंधरवड्यात माझं शेंडे खुडणं चुकलं होतं.

"आणि करपा? पावसात करपा आला की काय करतोस?"

इथं मला थांबावं लागलं. करपा म्हणजे पानं-फळं करपवणारा रोग. दुसऱ्या वर्षी पावसाळी टोमॅटो मी चार दिवसांत घालवला. दहा झाडपाल्यांचा दशपर्णी अर्क मारला, शेण-गोमूत्र-गूळ-बेसनाचं जीवामृत सोडलं, काही उपयोग झाला नाही. तेव्हापासून पावसाळ्यात टोमॅटो घेतच नाही. दोडका, भोपळा, गवार घेतो. भोपळ्याला बुरशीसाठी बोर्डो मिश्रण मारतो.

"म्हणजे मोरचूद!" शेठ उठूनच उभा राहिला. "मोरचूद रसायन नाही का?"

आहे, तांब्याचं. सेंद्रिय शेतीच्या नियमांत ते मर्यादेत चालतं, पण तांबं जमिनीत साठत राहतं, ते कुठं जात नाही. म्हणून मी भाजीवर 'रसायनमुक्त' लिहीत नाही. काय मारलं आणि कधी मारलं, ते सांगतो. माझ्या मते एवढं तर प्रत्येक शेतकऱ्याला करता येईल, तात्यांनासुद्धा. फवारणीनंतर किती दिवस तोडा करायचा नाही, ते औषधाच्या माहितीपत्रकावर छापलेलं असतं. भाव चढला की ते दिवस कोण पाळतं? तात्या काही बोलले नाहीत.

मास्तरांनी श्रीलंकेचा विषय काढला. 2021 मध्ये तिथल्या सरकारनं रासायनिक खतं एका फटक्यात बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माघार घेतली. मला ते मान्य आहे. माझ्या रानातली माती भुसभुशीत व्हायला तीन वर्षं गेली, देशाची कशी होणार? पण 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, हेही त्याच मास्तरांनी शाळेत मुलांना सांगितलेलं आहे. पाठीवर पंप घेऊन वाऱ्याच्या तोंडाशी उभं राहणाऱ्या मजुराचा विचार या वादात सर्वांत शेवटी येतो, याचा मला राग येतो.

चहा देणाऱ्या मावशी तोवर ऐकत होत्या. त्यांनी अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या रानात खुरपणी केली आहे.

"तणनाशक मारत नाहीस ना? मग खुरपतं कोण?"

"आई आणि बायको."

"त्यांची मजुरी धरतोस?"

मी खर्च मांडत होतो तो असा: शेण घरचं, गूळ दोन किलो, बेसन दोन किलो, बियाणं, पुण्याला जाणाऱ्या टेम्पोचं भाडं. मजुरीचा आकडा त्यात नव्हता. दुप्पट भाव घेऊनही मला जे उरतं ते त्या दोघींच्या वाकलेल्या पाठीमुळे उरतं, हे मी चार वर्षांत कधी कागदावर मांडलंच नाही.

"मावशी बरोबर बोलतात," तात्या म्हणाले, पण त्यांच्या आवाजात मघाची धार नव्हती. "माझ्या तीन एकराला एवढी खुरपणी कुठून आणू?"

तीन एकराचं उत्तर माझ्याकडे नाही. बांधालगतच्या पाच गुंठ्यांचं आहे. तेवढ्यात मेथी-कोथिंबीर-पालक करा, महिन्या-दीड महिन्यात निघणाऱ्या पालेभाजीला किडीचा त्रास कमी, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, सापळे आण दोन, वांग्याच्या चार सऱ्यांत लावून बघू.

रात्री घरी जाऊन हिशेबाच्या वहीत एक रकाना वाढवला. बायकोला विचारलं, या महिन्यात किती दिवस रानात होतीस. ती म्हणाली, एकवीस. आईचे चौदा. गावात बाईचा रोज किती चाललाय, तेही तिलाच विचारून लिहिलं.