‘इंजेक्शन न देताच परत पाठवतात, आणि दिलं तर घाबरवून सोडतात’ या अभिप्रायाला दवाखान्याचं उत्तर

नमस्कार,

आपला अभिप्राय वाचला. ही इंजेक्शनं ॲलर्जीवरच्या इम्युनोथेरपीची: ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे (ॲलर्जन) त्याचाच अर्क हळूहळू वाढत्या मात्रेत देऊन शरीराला त्याची सवय लावायची. तक्रारी तीन आहेत. दूरवरून येऊनही एकदा मुलाला इंजेक्शन न देता परत पाठवलं. पाच आठवड्यांच्या खंडानंतर डोस निम्म्यावर आणला, म्हणजे ‘मुद्दाम कोर्स लांबवला’. आणि गेल्या वेळी अंगावर पित्त उठून खोकला सुरू झाला, तेव्हा साधी गोळी देण्याऐवजी मांडीत ‘इमर्जन्सीचं’ इंजेक्शन टोचलं, वर चार तास बसवून ठेवलं. मुलाची फाइल इथे उघडता येणार नाही, म्हणून आपण स्वतः लिहिलं आहे तेवढ्यावरच बोलतो.

तिसऱ्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण त्या बाबतीत आम्ही पुन्हाही तेच करू. इंजेक्शननंतर नुसतं पित्त उठलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पित्त आणि त्याबरोबर खोकला, म्हणजे त्वचा आणि श्वासनलिका दोन्हींनी एकाच वेळी तक्रार केली. याला ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी ॲलर्जीची रिॲक्शन म्हणतात, आणि त्याचं पहिलं औषध ॲड्रिनलीन हेच आहे. ॲलर्जीची गोळी पोटात जाऊन काम सुरू करायला अर्धा-पाऊण तास तरी घेते. त्यानंतरही ती खाज आणि गांधी कमी करते. आवळलेली श्वासनलिका उघडत नाही, घसरलेला रक्तदाब वर आणत नाही. ॲड्रिनलीन ही दोन्ही कामं काही मिनिटांत करतं. मात्रा वजनावर ठरते: किलोला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे ३० किलोच्या मुलाला ०.३ मिलिग्रॅम, आणि १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असलेल्या ॲम्प्यूलमधून ते बरोबर ०.३ मिलिलिटर भरतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. पाच ते पंधरा मिनिटांत आराम पडला नाही तर पुन्हा तेवढंच. तोवर मुलाला आडवं ठेवून पाय वर घ्यायचे; धाप असेल तर टेकून बसवायचं, पण उठून चालू द्यायचं नाही. आपल्या मुलाला बाथरूमला जाऊ दिलं नाही ते यासाठीच. चार तास ठेवलं त्याचंही कारण आहे: काही मुलांत रिॲक्शन ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा उसळते.

एक गोष्ट मात्र आमच्याकडून राहिली. या औषधाने हात थरथरतात, छातीत धडधडतं, चेहरा पांढरा पडतो आणि हे थोड्याच वेळात ओसरतं, हे मुलाला आणि आपल्याला आधीच सांगायला हवं होतं. न सांगता टोचलेली सुई कोणत्याही मुलाला भीतिदायकच वाटणार. आता हे पहिल्याच भेटीत, संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी तोंडी सांगितलं जाईल.

आता परत पाठवण्याबद्दल. ब्रिटनमध्ये १९८६ साली या उपचारातल्या २६ मृत्यूंचा अहवाल आला. ज्यांची पुरेशी माहिती मिळाली त्यांत जवळपास सगळ्यांना दमा होता. तेव्हापासून एक गोष्ट पक्की आहे: आवाक्यात नसलेला दमा हाच या उपचारातला सगळ्यात मोठा धोका. एरवी संपूर्ण अंगावर परिणाम करणारी रिॲक्शन साधारण हजार इंजेक्शनांमागे एक-दोनदाच दिसते आणि त्यातल्याही बहुतेक सौम्य असतात. पण ती त्याच दिवशी आली ज्या दिवशी श्वासनलिका आधीच सुजलेली आहे, तर सौम्य राहण्याची खात्री कोणी देऊ नये. म्हणून दर वेळी इंजेक्शनआधी पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणाऱ्या नळीत, तीनदा फुंकायला लावतो. मुलाच्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली आला की त्या दिवशी इंजेक्शन नाही. ताप, छातीत घरघर, रात्री पंप घ्यावा लागणं, या कारणांनीही नाही.

आपली खेप वाया गेली हे खरं, आणि ती टाळता आली असती. मीटर घरी ठेवा, निघण्यापूर्वी फुंकून बघा, आकडा कमी आला तर फोन करा. त्या दिवसाची अपॉइंटमेंट आम्ही पुढे ढकलू.

डोस निम्मा का केला? वाढीच्या टप्प्यात प्रत्येक डोस आधीच्या डोसच्या खांद्यावर उभा असतो. पाच आठवड्यांत शरीराची कमावलेली सवय ढिली पडते, आणि जिथे थांबलो तिथूनच सुरुवात केली तर रिॲक्शनचा धोका वाढतो. किती खाली यायचं हे खंड किती मोठा आणि औषध कोणतं यावर ठरतं. हाच नियम नवीन बाटली उघडल्यावरही लागतो, कारण ताजा अर्क जुन्यापेक्षा तेज असतो. चुका होतात त्या बहुधा इथेच, बाटलीच्या निवडीत. आमच्याकडे लाल झाकणाची बाटली सर्वात तीव्र, पिवळी तिच्या दहापट पातळ, निळी शंभरपट, हिरवी हजारपट. पिवळीऐवजी लाल हातात आली तर ०.१ मिलिलिटरमध्येही दसपट डोस जातो. म्हणून ०.०१ मिलिलिटरच्या खुणा असलेली १ मिलिलिटरची सिरिंज भरली की मुलाचं नाव, जन्मतारीख, झाकणाचा रंग आणि आकडा नर्स मोठ्याने वाचते, आणि आपणही ते लेबल बघावं. आपण याला ‘नाटक’ म्हटलंय. नाटक तर नाटक, ते चालूच राहील.

दंडावरच्या सुजेबद्दल ओझरतं लिहिलंय. सूज तळहाताएवढी आली तरी पुढच्या वेळी मोठी रिॲक्शन येईलच असं नाही. थंड पट्टी ठेवा, चोळू नका, आणि पुढच्या भेटीत सूज किती होती ते सेंटिमीटरमध्ये सांगा.

‘मोठ्या मुलीलाही इंजेक्शननंतर अर्धा तास का बसवता’ असं विचारलंत. खरं तर किशोरवयीन मुलांचीच काळजी जास्त. घशात खवखव, तळहातांना खाज, उगाच शिंका ही पहिली लक्षणं मोबाइल बघता बघता ती दडपतात, आणि क्लासला उशीर होतो म्हणून मागच्या दाराने निघतात. गंभीर रिॲक्शन बहुतेक वेळा पहिल्या ३० मिनिटांतच सुरू होते. त्यानंतरही दोन-तीन तास पळणं, खेळणं आणि गरम पाण्याने आंघोळ टाळावी.

इंजेक्शनाऐवजी याच उपचाराची जिभेखाली ठेवायची गोळी का दिली नाही, हेही आपण विचारलंय. ती मोजक्याच ॲलर्जनांसाठी मिळते. तिच्यात मोठी रिॲक्शन क्वचित येते, पण तोंडाला खाज आणि ओठांना सूज सुरुवातीला बरीच दिसते. पहिली गोळी दवाखान्यातच, पुढे रोज घरी. दुधाचा दात पडला, तोंडात जखम झाली किंवा दमा उसळला की ती काही दिवस थांबवावी लागते, आणि गिळताना घास अडकू लागला तर लगेच कळवावं लागतं. मुलाच्या तपासणीत कोणते ॲलर्जन निघाले ते घेऊन बसू, त्यांच्यासाठी गोळी असेल तर बदलाचा विचार होऊ शकतो.

मोठी रिॲक्शन आल्यामुळे पुढचं इंजेक्शन ठरलेल्या तारखेला आपोआप होणार नाही. आधी दम्याची तपासणी, मग डोस पुन्हा किती खाली आणायचा की उपचार थांबवायचाच, हे डॉक्टर आपल्याशी बोलून ठरवतील. त्या भेटीला पीक फ्लोची वही आणि रोजचा पंप सोबत आणा.