‘सगळं स्क्रिप्टेड असतं’ या दाव्याला उत्तर

टॉक शोमध्ये एखादा नट भलतंच बोलून गेला, कुणी मध्येच उठून चालू पडलं, कुणी सूत्रसंचालकावर हात उचलला, की त्या व्हिडिओखाली हमखास एक प्रतिक्रिया येते : ‘अरे, सगळं स्क्रिप्टेड असतं.’ हा दावा करणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पाहुण्यांना प्रश्न आधीच माहीत असतात, त्यामुळे अचानक काही घडूच शकत नाही. ‘ते नाटक होतं’ अशी कबुली पुढे कित्येकांनी दिलीच आहे. झिंगून येणं हासुद्धा अभिनय. आणि शेवटी पाहुणा, सूत्रसंचालक, वाहिनी, सगळ्यांचंच भलं होतं, मग आपण कशाला मनावर घ्यायचं?

मला हे अजिबात पटत नाही. या एका वाक्याने आपण समोरच्या माणसाकडे नीट पाहायचंच सोडून देतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो आहे.

आधी प्रश्नांचं बघू. त्यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या रात्रीच्या टॉक शोंमध्ये कार्यक्रमाच्या आधी शोच्या निर्मात्यांपैकी एक जण पाहुण्याशी फोनवर बोलतो. नवा सिनेमा, घरचे किस्से, प्रवासातली फजिती, सांगण्यासारखं काय काय आहे ते काढून घेतो आणि त्यातलं निवडक सूत्रसंचालकाच्या हातातल्या कार्डांवर उतरवतो. पण हा खटाटोप असतो तो दोन जाहिरातींच्या मधल्या मोजक्या मिनिटांत गप्पा रखडू नयेत, कुणाची तंतरू नये यासाठी. म्हणजे ही तयारी विचित्र प्रसंग टाळण्यासाठी आहे. तिलाच विचित्र प्रसंग ठरवून घडवल्याचा पुरावा म्हणणं उलटं आहे.

आणि तयारी असूनही गाडी घसरते. १९८० मध्ये बीबीसीवर रसेल हार्टीच्या कार्यक्रमात गायिका ग्रेस जोन्स आली होती. तिच्याशी बोलून झाल्यावर हार्टी दुसऱ्या पाहुण्यांकडे वळला. बसण्याची मांडणी अशी होती, की त्यांच्याशी बोलायचं तर त्याची पाठ जोन्सकडे व्हायची. ती तिथेच, हाताच्या अंतरावर, कॅमेऱ्यासमोर नुसती बसून. पाठ फिरवू नकोस, असं तिने त्याला बजावलं. तो पुन्हा वळला. मग तिने त्याला चापट्या मारायला सुरुवात केली. मारणं चूकच, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण हा प्रसंग कुणी लिहून ठेवला नव्हता. तो खुर्च्यांच्या मांडणीतून आणि एका माणसाच्या दुर्लक्षातून उभा राहिला. आज ‘विचित्र पाहुणे’ म्हणून जी यादी फिरते तिच्यात जोन्सचं नाव असतं, हार्टीच्या पाठीचा उल्लेख क्वचितच.

दुसरा मुद्दा कबुलीचा. खऱ्या कबुल्या आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. २८ जुलै १९८२ रोजी अमेरिकेत डेव्हिड लेटरमनच्या टॉक शोमध्ये विनोदवीर अँडी कॉफमन मानेला पट्टा बांधून आला, कुस्तीगीर जेरी लॉलरने त्याला अशी थप्पड मारली की तो खुर्चीवरून खाली गेला. कॉफमनने मग शिव्यांची लाखोली वाहिली आणि लॉलरवर कॉफी फेकली. दोघांचं हे वैर ठरवून रचलेलं होतं हे उघड झालं ते कॉफमन १९८४ मध्ये वारल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. नट वाकिन फीनिक्सचंही तसंच. ११ फेब्रुवारी २००९ ला तो लेटरमनसमोर दाढी वाढवून, काळा चश्मा लावून बसला, प्रश्नांना तुटक उत्तरं देत राहिला, तोंडातलं च्युइंगगम काढून टेबलाला चिकटवलं. आपण अभिनय सोडून रॅप करणार आहोत असं तो त्या काळात सांगत होता. सप्टेंबर २०१० मध्ये दिग्दर्शक केसी अ‍ॅफ्लेकने सांगितलं, की हे सगळं त्यांच्या चित्रपटासाठी रचलेलं सोंग होतं.

पण या दोन उदाहरणांवरून काय सिद्ध होतं? सोंग पाहुण्यांनी रचलं होतं, एवढंच. फीनिक्स त्या रात्री ‘टू लव्हर्स’ या वेगळ्याच सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी आला होता आणि त्याच्याबद्दल धड एक वाक्य बोलला नाही. ही प्रसिद्धीची योजना असेल, तर जिच्यासाठी तो आला होता त्या सिनेमाची तरी नव्हती. दोन सोंगं उघड झाली म्हणून बाकीच्या सगळ्यांना त्याच माळेत ओवणं म्हणजे दोन खोटी नाणी सापडली म्हणून अख्खी तिजोरी खोटी ठरवणं.

‘नशा हाही अभिनय’ हा तिसरा मुद्दा. मला सर्वांत जास्त राग याचा येतो.

ऑलिव्हर रीड हा ब्रिटिश नट. त्याचं दारू पिणं सर्वांना ठाऊक होतं, आणि टॉक शोवाल्यांना तर अधिकच. जानेवारी १९९१ मध्ये चॅनेल फोरच्या ‘आफ्टर डार्क’ मध्ये त्याला बोलावलं. विषय होता पुरुष आणि हिंसा. हा कार्यक्रम रात्री उशिरा, थेट प्रसारित व्हायचा, संपायची ठरलेली वेळ नसायची, पाहुणे सोफ्यांवर ऐसपैस बसायचे आणि प्यायला दारू हाताशी असायची. रीड पीत गेला. बोलणं बरळण्यावर आलं. स्त्रीवादी लेखिका केट मिलेट तिथे होत्या, त्यांच्या अंगाशी जाऊन त्याने त्यांचं चुंबन घेतलं. शेवटी सोबतच्या पाहुण्यांनी त्याला जायला सांगितलं. मध्येच एका खोट्या फोनमुळे वाहिनीने प्रक्षेपण काही वेळ बंद करून कोळसा खाणींवरचा जुना माहितीपट लावला होता. हा सगळा गोंधळ स्क्रिप्टेड होता असं म्हणणाऱ्याने सांगावं, की तो खोटा फोन कुणाच्या संहितेत होता?

ज्याच्या व्यसनाचा बोभाटा देशभर आहे अशा माणसाला रात्रीच्या वेळी दारू ठेवलेल्या खोलीत बसवायचं, कॅमेरा चालू ठेवायचा. हा निर्णय रीडचा नव्हता. मिलेट यांना जे सोसायला लावलं, तो निर्णयही त्यांचा नव्हता. लोक हसले, क्लिप आजही हसण्यासाठीच पाहिल्या जातात. २ मे १९९९ रोजी ‘ग्लॅडिएटर’ चं चित्रीकरण चालू असताना माल्टामधल्या एका बारमध्ये भरपूर दारू प्यायल्यावर रीड कोसळला आणि गेला. वय ६१. मुलाखतींमधलं त्याचं पिणं अभिनय होतं असं म्हणायला यानंतर तरी जीभ रेटू नये.

राहता राहिला फायद्याचा मुद्दा. ‘बदनाम झाले तरी नाव तर झालं’ हे ऐकायला चटकदार आहे, हिशेब मात्र तसा लागत नाही. मे २००५ मध्ये नट टॉम क्रूझ ओप्रा विन्फ्रेच्या टॉक शोमध्ये सोफ्यावर चढला. त्याचा ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ हा सिनेमा जूनअखेरीस आला आणि तुफान चालला, हे खरं. पण ऑगस्ट २००६ मध्ये पॅरामाउंट या चित्रपट स्टुडिओची मालक कंपनी व्हायाकॉमच्या सम्नर रेडस्टोन यांनी त्याच्या निर्मितीसंस्थेशी असलेलं चौदा वर्षांचं नातं तोडलं, आणि कारण म्हणून त्याच्या वागण्याकडे जाहीरपणे बोट दाखवलं. फीनिक्सच्या त्या सोंगावरच्या चित्रपटाला अमेरिकेत पाच लाख डॉलरचाही गल्ला जमवता आला नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर ताजंच म्हणायला हवं. जानेवारी २०१९ मध्ये ‘कॉफी विथ करण’ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल आले. पंड्या बायकांविषयी जे बोलला ते किळसवाणं होतं, त्यावरचा संताप रास्त होता. बीसीसीआयने दोघांना निलंबित केलं, ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत बोलावलं. पुढे निलंबन उठलं. २०२४ मध्ये राहुलने एका पॉडकास्टवर सांगितलं, की त्या मुलाखतीने आपल्याला बदलून टाकलं, तिचा खोल ओरखडा उमटला. यात त्याचा फायदा कुठे आहे?

आणि एक गोष्ट ‘स्क्रिप्टेड’ म्हणणारे हमखास विसरतात. तो कार्यक्रम थेट नव्हता. आधी चित्रित झाला, मग संकलकाच्या टेबलावर आला. प्रत्येक वाक्य कुणीतरी पुन्हा ऐकलं, ठेवायचं की कापायचं हे ठरवलं, आणि ठेवलं. लिहून दिलेली संहिता नव्हती, पण निवड होती, आणि ती पाहुण्यांच्या हातात नव्हती. गदारोळ झाल्यावर हॉटस्टारने तो भाग काढून टाकला. म्हणजे काढता येत होता. प्रसारणाच्या आधीही येत होता.

एप्रिल २०१९ मध्ये बीसीसीआयचे लोकपाल न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी दोघांना प्रत्येकी २० लाख रुपये दंड केला. कर्तव्यावर असताना मृत्यू आलेल्या निमलष्करी दलांतल्या दहा जवानांच्या कुटुंबांना एकेक लाख आणि दहा लाख अंधांच्या क्रिकेटसाठी. तो दंड खेळाडूंना झाला. ती वाक्यं निवडून घराघरात पोचवणाऱ्यांना त्यात एका रुपयाची तोशीस लागली नाही.