नेवाळीची धावपट्टी: आधी कागद दाखवा

नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं आणि आमच्या ठाण्यातल्या मंडळींना पुन्हा कल्याणजवळची नेवाळी आठवली. 'महायुद्धातली धावपट्टी आयती पडून आहे, जमीन सरकारचीच आहे, तिथेही विमानं उतरवा की!' विमानतळाला माझा विरोध नाही. पण 'जमीन सरकारचीच आहे' हे वाक्य मात्र घशाखाली उतरत नाही.

१९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, तेव्हा इंग्रजांची झोप उडाली. देशभर धावपट्ट्या बांधायचा सपाटा सुरू झाला. कल्याणला रेल्वेचं जंक्शन, मुंबई बंदर हाताशी, म्हणून जवळच लष्कराची मोठी छावणी उभी राहिली आणि मलंगगडाच्या बाजूला नेवाळी परिसरातली सुमारे १,६०० एकर जमीन विमानांसाठी गेली. कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. भारत संरक्षण कायदा हातात होता, नोटीस आली की शेत सोडायचं.

युद्ध संपलं. त्या छावणीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये उल्हासनगर नाव मिळालं. आजही रिक्षावाला 'कॅम्प चार की पाच?' असंच विचारतो. म्हणजे लष्कराने घेतलेली जागा दुसऱ्या कामाला देता येते, हे इथे शेजारीच सिद्ध झालंय. धावपट्टीवरची विमानं मात्र गेली आणि प्रश्न तसाच राहिला. लोक पुन्हा भात लावू लागले. पुढच्या पिढ्यांनी तिथे नांगर धरला. कागदोपत्री जागा संरक्षण खात्याची, पुढे नौदलाकडे.

सगळी मेख इथे आहे. युद्धकाळातल्या त्या कायद्यात सरकारला दोन्ही वाटा होत्या: गरजेपुरता ताबा घ्यायचा, किंवा कायमची मालकी घ्यायची. पहिल्या वाटेत भाडं मिळतं आणि गरज संपली की जमीन मूळ मालकाकडे जाते. दुसऱ्या वाटेत मोबदला देऊन विषय संपतो. शेतकरी म्हणतात, युद्धापुरती घेतली होती, परत करा. संरक्षण खातं म्हणतं, जमीन आमचीच. दोघांपैकी एकाचंच खरं असणार, आणि ते घोषणांनी नाही, कागदाने ठरतं.

२०१७ च्या जूनमध्ये नौदलाने कुंपणाची भिंत घालायला घेतली. वेळ बघा. राब भाजून झालेला, पेरलेली रोपं वर येतायत, लावणी तोंडावर. भातशेती करणाऱ्याला अशा वेळी शेतात जायला अटकाव करणं म्हणजे वर्ष बुडवणं. २२ जूनला भडका उडाला. पोलिसांच्या गाड्या जाळल्या, पोलीस जखमी झाले, छर्रे लागून गावकरी जखमी झाले, मग गुन्हे आणि धरपकड. गाड्या जाळणं चूकच, त्यात 'पण' नाही. मात्र त्यानंतर आपल्याकडे चर्चा फक्त जाळपोळीची झाली, जमिनीची कुणी केलीच नाही.

नवी मुंबईचं उदाहरण देणाऱ्यांनी तेही पूर्ण द्यावं. तिथे १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमीन गेलेल्यांनी केलेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या १२.५ टक्के विकसित भूखंड परत मिळायची वाट मोकळी झाली. विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांच्या जमिनीला २२.५ टक्क्यांचं पॅकेज ठरलं. तक्रारी तिथेही ढीगभर आहेत, पण निदान समोरासमोर बसून सौदा झाला. नेवाळीचा सौदा कोणाशी झाला?

जिल्हाधिकारी कार्यालय आणि संरक्षण खातं यांनी युद्धकाळातले आदेश, मोजणीचे नकाशे आणि पैसे चुकते केल्याच्या पावत्या गावोगावच्या ग्रामपंचायतींत लावाव्यात. कोणाच्या आजाला किती रुपये मिळाले, अंगठा कुठे आहे, दाखवा. निघाल्या पावत्या, तर शेतकऱ्यांना वेगळी भूमिका घ्यावी लागेल, ते मलाही मान्य. नाही निघाल्या, तर विमानतळ असो की नौदलाचा तळ, २०१३ च्या भूसंपादन कायद्याने नव्याने बसा.