चोवीस तास सगळ्यांना सारखे? कुणी सांगितलं?

आमच्या घरच्या ग्रुपवर ‘प्राचीन जीवनचक्र’ नावाचा लांबलचक मेसेज आला. तुमच्याकडेही आला असेल. आरोग्य, पैसा, करिअर, कुटुंब, मित्र, छंद, अध्यात्म, स्वतःची प्रगती या आठ भागांना दहापैकी गुण द्या. ८०पैकी ६०च्या खाली आलात तर आयुष्याचा तोल गेलाय आणि त्याला जबाबदार तुम्हीच, कारण देवाने प्रत्येकाला २४ तासच दिलेत: ८ काम, ८ झोप, ८ स्वतःसाठी. तरी पुरत नसतील तर पहाटे ४ला उठा, यशस्वी माणसाला ५ तास झोप पुष्कळ झाली. शिवाय नाती टिकवा, आयुष्य बरं जातं, असं हार्वर्ड विद्यापीठ सांगतं म्हणे.

टाकला होता माझ्या दादाने. वहिनीने रात्री भांडी आवरून झाल्यावर कागदावर गुण मांडले. बेरीज आली ३१. मग मला फोन करून विचारते, “ताई, माझंच काही चुकतंय का?”

नाही, वहिनी. चुकतोय तो मेसेज.

आधी ते सारखे २४ तास बघू. वहिनी ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनपाशी राहते आणि नवी मुंबईत घणसोलीला नोकरी करते. सकाळी पाणी भरायचं, दोन डबे करायचे, गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आईला धरून आंघोळीला न्यायचं, मग स्टेशन गाठायचं. दिव्याला येणारी गाडी डोंबिवलीहूनच भरलेली असते, दारातल्या बायका आत सरकत नाहीत, म्हणून एक गाडी सुटणार असं धरूनच ती निघते. ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावर जाऊन नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्सहार्बर लोकल, पुढे शेअर रिक्षा. संध्याकाळी हेच उलटं, आणि घरी आल्यावर कुकर लावायचा. दादालाही २४ तासच मिळतात. पण त्याच्या २४ तासांत तयार डबा असतो आणि वहिनीच्या २४ तासांत तो डबा करणं असतं.

हे एका घराचं रडगाणं वाटत असेल तर सरकारचेच आकडे घ्या. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४च्या वेळ वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. म्हणजे जवळजवळ पाच तासांच्या समोर दीड तासही नाही. त्यात मुलांचं, म्हाताऱ्यांचं करणं वेगळं मोजलंय. शिवाय ते ८८सुद्धा त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्या पुरुषांचे. ज्यांनी काहीच केलं नाही, ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. २०१९च्या सर्वेक्षणात हात लावणारे पुरुष शंभरात २६ होते, बायका ८१. तेव्हा बायकांची रोजची मिनिटं होती २९९ आणि पुरुषांची ९७. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली तर पुरुषांचीही नऊ कमी झाली. आता सांगा, वहिनीचे ‘स्वतःसाठीचे ८ तास’ कुठून काढायचे?

आणि ८-८-८ हा काही शिस्तीचा मंत्र नव्हे. १८१७च्या सुमारास रॉबर्ट ओवेन या समाजसुधारकाने ब्रिटनमध्ये ही घोषणा दिली ती कामगारांचे तास कमी व्हावेत म्हणून. आपल्याकडे रविवारची सुट्टीसुद्धा १० जून १८९०ला मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना घेऊन वर्षानुवर्षं झगडून. कुणी पहाटे लवकर उठून ती मिळवली नाही. मालकांकडे केलेली मागणी आज कामगाराच्याच माथी मारली जाते, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा ९वरून १२ तास आणि दुकानं-आस्थापनांची ९वरून १० करायला मंजुरी दिली. त्यावर ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

पाच तास झोप हा तर जीवाशी खेळ आहे. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५मध्ये एकत्र बसून प्रौढांना किमान सात तास ठरवले. दारात लटकून प्रवास करणाऱ्या बाईला झोप कमी कर म्हणून सांगणाऱ्याने एकदा सकाळी दिवा ते ठाणे उभ्याने यावं.

ते चक्र ‘प्राचीन’ वगैरे काही नाही. त्याचं श्रेय सहसा पॉल मेयर या अमेरिकी माणसाला देतात, ते १९६०च्या दशकातलं. आणि ६० ही पास व्हायची रेघ मेसेजवाल्याने कशावरून आखली, देव जाणे.

एक गोष्ट मान्य करते. नाती टिकवली तर आयुष्य बरं जातं हे जे हार्वर्डच्या नावावर लिहिलंय, ते खोटं नाही. १९३८पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात तसंच दिसलं, जरी सुरुवातीला निवडलेले सगळे पुरुषच होते. बसून स्वतःच्या आयुष्याकडे बघणंही वाईट नाही. फक्त एकट्या माणसाचं मोजून उपयोग नाही, अख्ख्या घराचं मोजा.

त्यासाठी सर्वेक्षणवाल्यांचीच पद्धत घ्या. ते पहाटे ४पासून दुसऱ्या दिवशी पहाटे ४पर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने भरून घेतात. घरातल्या प्रत्येकाने आपापला कागद भरायचा, एक कामाचा दिवस आणि एक रविवार, आणि कागद शेजारी-शेजारी ठेवायचे. मग एक काम पूर्णपणे दुसऱ्याच्या नावावर करायचं. ‘मदत’ म्हणून नाही. आईच्या गोळ्या म्हणजे गोळ्या संपत आल्यात हे लक्षात ठेवणं, दुकानातून आणणं आणि वेळेवर देणं, तिन्ही. वहिनीने आठवण करून द्यायची नाही. महिन्याने पुन्हा कागद भरायचे.

कोरे कागद मी ग्रुपवर टाकलेत. दादाने अजून उघडलेले नाहीत.