आरव्हीची हौस आणि जागेचे गणित

फेब्रुवारी उजाडला की आपल्या अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक प्रश्न हमखास येतो: उन्हाळ्यात आरव्ही, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन निघायचे आहे, योसेमिटी किंवा यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानांत मुक्कामाला जागा कशी मिळवायची? त्यावर उत्तरेही भराभर येतात. कोणत्या दिवशी किती वाजता लॉगिन करावे, घरातल्या किती फोनांवरून प्रयत्न करावा, कोणते ॲप रद्द झालेल्या जागांची सूचना देते, हे सगळे सांगणारे जाणकार आपल्यात पुष्कळ आहेत. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. भरलेल्या कॅम्पग्राउंडचा जो त्रास आपण सहलीहून परतल्यावर सांगत बसतो, त्यातला फारच थोडा भाग बुकिंग न मिळाल्यामुळे होतो. उरलेला बहुतेक भाग आपण सहल ज्या पद्धतीने आखतो तिच्यातून येतो, आणि ती पद्धत बदलणे सकाळी सात वाजता संगणकासमोर बसण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे.

आधी टंचाई किती खरी आहे ते पाहू. योसेमिटी व्हॅलीतल्या अप्पर पाइन्स, लोअर पाइन्स आणि नॉर्थ पाइन्स या तीन कॅम्पग्राउंडचे उन्हाळी बुकिंग साधारणपणे पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी सातला एकेका महिन्याच्या तुकड्याने उघडते. म्हणजे ४ जुलैच्या सुट्टीचा निकाल १५ जानेवारीलाच लागतो, आणि तो गणपतीच्या कोकणगाड्यांच्या आरक्षणासारखा काही मिनिटांत लागतो. यात भर म्हणजे या जागा पूर्वीपेक्षा कमी झालेल्या आहेत. जानेवारी १९९७ मध्ये मर्सेड नदीला मोठा पूर आला, त्यात अप्पर रिव्हर आणि लोअर रिव्हर ही दोन कॅम्पग्राउंड बुडाली आणि ती पुन्हा उघडली गेली नाहीत. व्हॅलीतल्या जवळपास निम्म्या जागा त्या एका पुराने गेल्या. दुसऱ्या बाजूला मागणी वाढतच राहिली. करोनाच्या काळात लोकांना विमान आणि हॉटेल नकोसे झाले आणि २०२१ मध्ये अमेरिकेत सहा लाखांच्या आसपास नव्या आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या, जो त्या उद्योगाचा आजवरचा उच्चांक आहे. त्याच वर्षी यलोस्टोनने ४८ लाखांहून अधिक भेटींची नोंद केली.

मग सरकार जागा वाढवत का नाही, असे पुष्कळ जण चिडून विचारतात. याचे उत्तर कॅम्पग्राउंडच्या आखणीतच आहे. १९३० च्या दशकाच्या आधी लोक आपली मोटार झाडांमध्ये वाटेल तिथे घालत आणि वाटेल तिथे तंबू ठोकत. एमिलियो माइनेके नावाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञाने पाहिले की चाकांनी आणि पावलांनी माती दबून घट्ट होते, मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही, आणि ज्या झाडांसाठी लोक येतात तीच झाडे मरू लागतात. त्याने एकेरी वळणाचा रस्ता, त्याला फुटलेला गाडीपुरता आखूड फाटा, त्याच्या बाजूला टेबल आणि चूल, आणि गाडी फाट्याबाहेर जाऊ नये म्हणून दगड-ओंडक्यांची आड अशी रचना सुचवली. आज आपण ज्याला साइट म्हणतो ती मुळात हीच. ती त्या काळच्या मोटारीच्या मापाची आहे. म्हणून अप्पर पाइन्समध्ये आरव्हीसाठी ३५ फुटांची मर्यादा असली तरी प्रत्येक फाटा तेवढा लांब नाही, आणि वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी, म्हणजे ज्याला हुकअप म्हणतात ते, योसेमिटीच्या आतल्या कुठल्याही कॅम्पग्राउंडमध्ये नाही. आणखी जागा करायच्या तर आणखी झाडे काढावी लागतील किंवा पुन्हा नदीकाठी जावे लागेल. ते होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टंचाई अशी कायमची आहे हे मान्य केले की प्रश्न उरतो तो आपल्या आखणीचा. भारतातून आईवडील किंवा सासूसासरे आलेले असतात, ऑफिसची सुट्टी आठ-दहा दिवसांची असते, आणि त्यात लॉस एंजेलिस, झायन, ब्राइस, ग्रँड टीटन, यलोस्टोन असे सगळे बसवायचे असते. एका ठिकाणी फार तर एक रात्र. हॉटेलच्या प्रवासात हे कसेबसे निभते. आरव्हीत निभत नाही. कारण आरव्हीतल्या प्रत्येक मुक्कामाला एक ठरलेली किंमत आहे. सकाळी भांडी, बाटल्या, खुर्च्या सगळे बांधून कपाटांना कडी लावायची, डम्प स्टेशनच्या रांगेत उभे राहून सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या, स्वच्छ पाणी भरायचे, मोटारीपेक्षा बऱ्याच कमी वेगाने दिवसभर गाडी हाकायची, आणि संध्याकाळी अनोळखी ठिकाणी अंधुक प्रकाशात गाडी मागे घेत फाट्यात बसवून तिच्या चाकांखाली पाट सरकवून ती समतल करायची. कॅम्पग्राउंड सोडण्याची वेळ सगळ्यांची सारखीच असल्यामुळे डम्प स्टेशनवर गर्दी नेमकी सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान होते. जो रोज मुक्काम हलवतो तो रोज त्या रांगेत असतो. ज्याने एकाच जागी पाच रात्री काढल्या, तो त्या रांगेत एकदा, फार तर दोनदा दिसतो. गर्दी दोघांसाठी तेवढीच असते, पण ती भोगावी लागते पहिल्याला.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की दहा दिवसांत दोनच मुक्काम करावेत, आणि ते राष्ट्रीय उद्यानाच्या आतच असले पाहिजेत हा हट्ट सोडावा. योसेमिटीसाठी मॅरिपोसा, ग्रोव्हलँड किंवा पलीकडच्या बाजूला ली व्हायनिंग या गावांच्या आसपास खासगी आरव्ही पार्क आहेत, जिथे विजेची आणि पाण्याची जोडणी मिळते आणि वातानुकूलन रात्रभर चालू ठेवता येते. मर्सेड-मॅरिपोसाच्या बाजूने यार्ट्स या स्थानिक बससेवेची बस थेट व्हॅलीत जाते, आणि व्हॅलीत फिरण्यासाठी उद्यानाची मोफत शटल आहे. आरव्ही मुक्कामावर उभी ठेवून बसने आत जाणे हा मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो, कारण जुलैतल्या शनिवारी व्हॅलीत मोटारीलाही जागा मिळत नाही, मग पंचवीस फुटी गाडीला कोण जागा देणार? यलोस्टोनमध्ये हुकअप असलेले एकच कॅम्पग्राउंड आहे, फिशिंग ब्रिज. तिथे ग्रिझली अस्वलांच्या वावरामुळे तंबूला परवानगी नाही, फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्या चालतात. ते मिळाले तर उत्तमच, पण नाही मिळाले तर वेस्ट यलोस्टोन किंवा गार्डिनरला राहून सकाळी लवकर आत शिरणे यात काहीही कमीपणा नाही. उद्यानाबाहेर राहिले तर ‘खरा अनुभव’ मिळत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी शेजारच्या साइटचा जनरेटर ऐकत घालवलेली संध्याकाळही त्या अनुभवात धरावी.

दुसरा आग्रह गाडीच्या मापाचा. सहा जणांच्या कुटुंबाने मोठी गाडी घ्यावी हे ओघानेच आले, आणि ज्येष्ठ मंडळी सोबत असताना गाडीत स्वच्छतागृह हवे हेही मी शंभर टक्के मान्य करते. आरव्हीचे खरे आकर्षण आपल्या घरांत तेच असते, आणि त्याखालोखाल सकाळचा आपल्या हातचा चहा. परंतु भाड्याने देणारे ‘थोडे जास्त पैसे, पण पाच फूट जास्त’ असे सुचवतात तेव्हा ते पाच फूट पुढे कुठे बसणार आहेत याचा विचार आपण करत नाही. गाडी जितकी आखूड, तितक्या जास्त साइट तुमच्यासाठी खुल्या, आणि ऐनवेळी सुटणाऱ्या जागांमध्ये आखूड जागांना घेणारे कमी. काही रस्ते तर मोठ्या गाडीला बंदच असतात: ग्लेशियर उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मधल्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब गाडीला प्रवेश नाही, आणि त्या उद्यानात जाऊन तो रस्ता पाहायचा नाही तर पाहायचे काय? दोन कुटुंबांनी एक अवाढव्य गाडी घेण्यापेक्षा एक मध्यम आरव्ही आणि सोबत एक साधी मोटार घ्यावी. योसेमिटीत एका साइटवर सहा माणसे आणि दोन वाहने चालतात, त्यामुळे ही जोडी तिथे बसते, आणि कुणाला दूध आणायला जायचे झाले तर आख्खे घर हलवावे लागत नाही.

आता जरा कटू बोलते. उन्हाळ्यात फुल्ल असलेल्या कॅम्पग्राउंडमधून संध्याकाळी चक्कर मारली तर रिकाम्या साइट दिसतात. त्या बुक झालेल्या असतात, पण माणूस आलेला नसतो. रिक्रिएशन डॉट गव्ह या बुकिंगच्या सरकारी संकेतस्थळावरच्या नियमानुसार कर्मचारी असलेल्या कॅम्पग्राउंडमध्ये न आलेल्या माणसाची जागा दुसऱ्या दिवशीच्या चेकआउटच्या वेळेपर्यंत राखून ठेवली जाते, म्हणजे ती रात्र वायाच जाते. त्यांत आपले लोकही आहेत. एकाच शनिवार-रविवारसाठी तीन ठिकाणी जागा अडवून ठेवायच्या, ‘नंतर बघू’ म्हणायचे, आणि हवामान किंवा मुलांचा सामना पाहून शेवटच्या क्षणी एक निवडायची, ही चलाखी गटांवर कौतुकाने सांगितली जाते. आधी रद्द केले तर दहा डॉलर जातात. आदल्या दिवशी केले तर दहा डॉलर आणि पहिल्या रात्रीचे भाडे. व्हॅलीत एका रात्रीचे भाडे ३६ डॉलरच्या आसपास असते. आपल्या पगारांना ही रक्कम टोचत नाही, आणि म्हणूनच रद्द करायचे राहून जाते. यावर कुणी म्हणेल की सुट्टी मिळेल की नाही हे पाच महिने आधी कसे सांगणार, तर तो मुद्दा खरा आहे. एक राखीव जागा अडवून ठेवण्याला माझा विरोधही नाही. पण निर्णय झाला त्या संध्याकाळी, निदान मुक्कामाच्या चार-पाच दिवस आधी, ती सोडावी. ऐनवेळी जागा मिळवणारे सगळे जण कुणीतरी वेळेवर सोडलेल्या जागेवरच उभे असतात. त्या संकेतस्थळावर रविवार ते गुरुवार या रात्री शोधल्या तर अशा जागा मिळतातही.

‘मग राष्ट्रीय वनात फुकट राहा’ असा सल्ला हल्ली फार ऐकू येतो. वनखात्याच्या आणि भूव्यवस्थापन विभागाच्या बऱ्याच जमिनींवर पैसे न देता मुक्काम करता येतो, बहुतेक ठिकाणी सलग १४ दिवसांपर्यंत, आणि शांतता हवी असलेल्या तरुण जोडप्याला मी तेच सुचवेन. पण तिथे ना पाणी, ना वीज, ना कचऱ्याची पेटी. भाड्याच्या मध्यम आरव्हीत स्वच्छ पाण्याची टाकी साधारण दीडशे लिटरच्या आसपासची असते. रोज अंघोळ हवी असलेल्या पाच माणसांना ती दीड-दोन दिवसांपलीकडे पुरत नाही. शिवाय कच्च्या रस्त्यावर भाड्याची गाडी नेण्यास करारात बहुधा मनाई असते. सत्तरीच्या सासऱ्यांना जुलैच्या उन्हात तिथे बसवणे हा काही गर्दीवरचा उपाय नव्हे.

आणि आपण जेव्हा गटाने जातो तेव्हा गर्दी म्हणजे आपणच असतो, हे तर सांगायलाच हवे. चार कुटुंबे शेजारशेजारच्या साइट घेतात, अंताक्षरी रंगते, रात्रीचे दहा वाजून जातात. रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ आहे आणि शेजारच्या तंबूला भिंत नाही. मुलांनी दुसऱ्याच्या साइटमधून आडवे पळू नये, गाडीच्या बाहेरचे दिवे झोपताना मालवावेत, तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडाखाली ओतू नये. यातले काही नियमांच्या पाटीवर लिहिलेले असते, काही नसते. मोठ्या गटांसाठी अनेक ठिकाणी वेगळ्या सामूहिक साइट असतात. मात्र त्यांतल्या पुष्कळ फक्त तंबूंसाठी असतात, तेव्हा आरव्ही चालते का ते बुकिंगआधी वाचावे.

राहिला प्रश्न तारखांचा. शाळेत जाणारी मुले घरात नसतील आणि आईवडील सप्टेंबरपर्यंत राहणार असतील, तर लेबर डे, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी, उलटून जाऊ द्यावा आणि मगच निघावे. हवा चांगली असते आणि आठवड्याच्या मधल्या रात्री जागा मिळतात. मुले असतील तर कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच शाळा ऑगस्टच्या मध्यालाच सुरू होतात, त्यामुळे ज्यांच्या राज्यात शाळा उशिरा उघडते त्यांनी ऑगस्टचा शेवटचा आठवडा पाहावा. त्या दिवसांत पश्चिमेकडे वणव्यांचा धूर असू शकतो आणि एखादे कॅम्पग्राउंड ऐनवेळी बंद होऊ शकते. म्हणून निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावरच्या सूचना आणि हवेची गुणवत्ता रोज पाहावी, आणि गाडी भाड्याने घेताना रद्द करण्याची शेवटची तारीख लेखी मागून घ्यावी.