‘जुन्या डिझेल ट्रकला सगळं चालतं’ म्हणे!

‘जुन्या डिझेल ट्रकवाल्यांनो, लुटले जाऊ नका’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. त्यात पाच ‘गुपितं’ आहेत: इंजिन ऑइलच गिअरबॉक्सला आणि डिफरन्शियलला (चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीला) चालतं, कूलंट हा कंपन्यांचा धंदा म्हणून साधं पाणी पुरे, नव्या ग्रेडचं ऑइल जुन्या इंजिनाला मारतं, ब्रेक ऑइल कमी पडलं तर पॉवर स्टिअरिंगचं टाका, आणि ऑइल काळं दिसलं की लगेच बदला. माझ्या मेव्हण्याने तो मला पाठवला, खाली एक ओळ जोडून: ‘दाजी, स्टिअरिंगचा डबा उरलाय, तोच टाकू ना ब्रेकला?’

नको रे बाबा! म्हणून सुरुवात चौथ्या गुपितापासूनच करतो.

मेसेज म्हणतो, दोन्हीकडे दाबच तर वाहून न्यायचाय. दाब वाहील, पण रबराचं काय? डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या श्रेणी; हे ग्लायकॉलवर आधारलेले द्रव असतात आणि पेडलकडच्या मास्टर सिलिंडर, चाकाकडच्या व्हील सिलिंडरमधले रबर कप त्यांच्यासाठीच बनवलेले असतात. स्टिअरिंगचं तेल सहसा खनिज तेल. ते लागलं की हे रबर फुगतं आणि मऊ पडतं. लगेच काही कळत नाही, हीच मेख आहे. पेडल सुरुवातीला नेहमीसारखंच लागतं. मग फुगलेला कप मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक छिद्र बुजवतो, ब्रेक सुटत नाहीत, ड्रम तापतात. आणि रबराने दम सोडला की पेडल थेट खाली. भरलेला ट्रक उतारावर असताना हे झालं तर मेसेज लिहिणारा येणार आहे का थांबवायला?

अमेरिकेचा ब्रेक फ्लुइडचा सरकारी नियम, एफएमव्हीएसएस ११६, यांचे रंगसुद्धा ठरवून देतो: डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ बिनरंगी ते मधाळ, सिलिकोनचं डॉट ५ जांभळं, आणि हायड्रॉलिक खनिज तेल हिरवं. त्याच नियमात डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश सेल्सियस आणि पाणी शोषल्यावर १४० अंश हवा. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. म्हणजे योग्य द्रवसुद्धा वेळेवर बदलावा लागतो, इथे तर चुकीचा टाकायची भाषा चाललीय. आणि आकडा मोठा म्हणून डॉट ५ भारी समजू नका, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नसतं. ‘माझे एअर ब्रेक आहेत’ म्हणणाऱ्यांनी क्लचची टाकी बघावी. हायड्रॉलिक क्लच असेल तर त्यातही सहसा ब्रेक ऑइलच असतं, म्हणून रबराचं दुखणं तेच.

ज्यांनी आधीच टाकलंय त्यांनी गाडी हलवू नये. टाकी पुसून नवं भरल्याने भागत नाही. तेल जिथवर पोहोचलं तिथवरचे सगळे रबर बदलून लायनी धुवाव्या लागतात.

आता पहिलं गुपित. नाइलाजाने कबूल करतो, काही जुन्या गिअरबॉक्सना बनवणारी कंपनीच इंजिन ऑइल सांगते, काहींना एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. पण ते त्या गिअरबॉक्सपुरतं. डिफरन्शियलचे हायपॉइड दात एकमेकांवर घसरत फिरतात, तिथे सहसा जीएल-५ श्रेणीचं गिअर ऑइल लागतं, इंजिन ऑइल टिकत नाही. आणि तेच जीएल-५ जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये ओतलं तर त्यातले गंधक-फॉस्फरसचे घटक पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) बाधू शकतात. गाडीचं वय बघून तेल ठरत नाही; ते कोणत्या धातूला आणि रबराला लागणार यावर ठरतं. मॅन्युअल हरवलं असेल तर इंजिन-गिअरबॉक्सच्या पाटीवरचा नंबर कंपनीच्या तक्त्यात शोधा.

कूलंट. मोठ्या डिझेल इंजिनांत बऱ्याचदा वेट लायनर असतात. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळी, आणि वेट म्हणजे तिच्या बाहेरच्या अंगाला इंजिन थंड करणारा द्रव थेट भिडतो. इंजिन चालताना लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातूचे कण उडवत नेतात. कालांतराने लायनरला आरपार भोक! हे रोखायला कूलंटमध्ये नायट्राइटसारखे घटक घालतात, साध्या पाण्यात ते नसतात. वर जड पाण्याचा क्षार साचतो तो वेगळाच. रंग जुळला की कूलंट जुळलं, हेही खोटं. रंग प्रत्येक कंपनी आपापला ठरवते.

नव्या ग्रेडबद्दलचं अर्धवट ऐकलेलं आहे. डिसेंबर २०१६ मध्ये एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेने डिझेल इंजिन ऑइलच्या सीके-४ आणि एफए-४ या दोन श्रेणी एकदमच आणल्या. सीके-४ जुन्या सीजे-४, सीआय-४ च्या जागी वापरता येतं. एफए-४ पातळ असतं आणि ठरावीक नव्या इंजिनांसाठीच आहे, जुन्यात घालू नये. डब्यावरची अक्षरं वाचायला किती वेळ लागतो?

राहिलं काळं ऑइल. डिझेलची काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, ते काळं होणारच. बदलायचं ते ठरलेल्या किलोमीटरला किंवा तासांना. घाबरायचं ते ऑइल दुधाळ दिसलं तर. तसं दिसलं की इंजिन सुरू करू नका, आधी पाणी कुठून शिरलं ते शोधा, आणि लायनरही उघडून बघा.