प्रतिक्रियेला उत्तर: अनपेअर्ड इलेक्ट्रॉनचा उपद्रव आणि उपयोग

नमस्कार, प्रतिक्रिया एवढी सविस्तर लिहिलीत तर उत्तरही जरा लांबच देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: बहुतेक रेणूंत इलेक्ट्रॉन जोडीनेच असतात, त्यामुळे ईएसआर (अनपेअर्ड, म्हणजे जोडीदार नसलेले इलेक्ट्रॉन मॅग्नेटिक फील्डमध्ये मायक्रोवेव्हने हेरायची पद्धत) म्हणजे मोजक्या लोकांचं खेळणं, आणि दुसरं, सॅम्पलमध्ये पॅरामॅग्नेटिक (अनपेअर्ड इलेक्ट्रॉन असलेलं) काही शिरलं की एनएमआरच्या (अणूंच्या न्यूक्लियसचे सिग्नल मोजायच्या पद्धतीच्या) लाइन्स पसरून स्पेक्ट्रमची वाट लागते, मग त्याच इलेक्ट्रॉनचं एवढं कौतुक कशाला.

दुसऱ्यापासून सुरू करतो, खरी गंमत तिथेच आहे. लाइन पसरते हे कबूल, पण का पसरते ते बघा ना. इलेक्ट्रॉनचा मॅग्नेटिक मोमेंट प्रोटॉनच्या साधारण 658 पट, आणि शेजारच्या न्यूक्लियसचं रिलॅक्सेशन (उत्तेजित होऊन परत शांत होण्याचा वेग, तो वाढला की लाइन पसरते) तो जे वाढवतो ते अंतराच्या सहाव्या घाताने कमी होत जातं, म्हणजे जी लाइन खूप पसरली तो प्रोटॉन जवळचा, जी जेमतेम पसरली तो लांबचा. हे तर मोजमापच झालं की! प्रोटीनवर ठरवलेल्या जागी नायट्रॉक्साइडचं (अनपेअर्ड इलेक्ट्रॉन असलेल्या, म्हणजे रॅडिकल प्रकारच्या टिकाऊ रेणूचं) लेबल लावायचं, स्पेक्ट्रम घ्यायचा, मग व्हिटॅमिन सी टाकून ते रॅडिकल रिड्यूस करायचं (म्हणजे त्याचं पॅरामॅग्नेटिक असणं संपवायचं), परत स्पेक्ट्रम घ्यायचा आणि दोन्हींत प्रत्येक लाइनची उंची ताडून बघायची. एनओई (न्यूक्लियसमधली अंतरं सांगणारा एनएमआरचा नेहमीचा परिणाम) 5-6 अँगस्ट्रॉमच्या पुढे फारसा कामाला येत नाही, इथे 20-25 पर्यंतचा अंदाज मिळतो. सॅम्पलमध्ये चुकून आलेलं पॅरामॅग्नेटिक मँगनीज आणि मुद्दाम लावलेलं लेबल एकाच पारड्यात कसं टाकणार?

शिवाय डीएनपी (डायनॅमिक न्यूक्लियर पोलरायझेशन, इलेक्ट्रॉनच्या जोरावर एनएमआरचा सिग्नल वाढवायची युक्ती) आहेच. 1953 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ओव्हरहाउजरने मांडलं की इलेक्ट्रॉनचं पोलरायझेशन (जास्त स्पिन एकाच दिशेला असणं) न्यूक्लियसकडे वळवता येईल, तेव्हा भल्याभल्यांना ते पटेना, आणि त्याच वर्षी कार्व्हर आणि स्लिक्टरने लिथियम धातूत ते करून दाखवलं. प्रोटॉनचा सिग्नल वाढण्याची वरची मर्यादा तेच 658 पट. प्रत्यक्षात एवढं हाती लागत नाही, पण सिग्नल 100 पट झाला तरी तेवढ्याच क्वालिटीच्या स्पेक्ट्रमला वेळ 10,000 पट कमी लागतो, हा हिशोब मला अजूनही भारी वाटतो.

आता पहिला आक्षेप. अनपेअर्ड इलेक्ट्रॉन दुर्मिळ आहेत, बरोबर, पण ईएसआरची ताकद तीच आहे, कारण जोडीतले इलेक्ट्रॉन सिग्नलच देत नाहीत, त्यामुळे हजारो अणूंचं प्रोटीन, पाणी, बफर, मेम्ब्रेन सगळं गप्प आणि फक्त तुमचं लेबल बोलतं. प्रोटीनमध्ये दोन ठिकाणी सिस्टीन (लेबल चिकटवता येतं असं अमिनो आम्ल) बसवून दोन लेबलं लावली की डीअर नावाच्या पल्स पद्धतीने त्यांच्यातलं अंतर काढता येतं. 2 नॅनोमीटरला दोन इलेक्ट्रॉनमधलं मॅग्नेटिक कपलिंग साधारण 6.5 मेगाहर्ट्झ, 4 ला जेमतेम 0.8, कारण इथे अंतराचा तिसरा घात असतो. क्रिस्टल लागत नाही, मात्र सॅम्पल गोठवावं लागतं, आणि लेबलचा हात लवचिक असल्यामुळे एक आकडा मिळत नाही, अंतरांचं वितरण मिळतं. लेबलमुळे प्रोटीनच बिघडलं तर, ही तुमची शंका मात्र रास्त आहे, म्हणून लेबल लावल्यावर त्याचं काम शाबूत आहे का हे तपासल्याशिवाय मी तरी असल्या डेटावर विश्वास ठेवत नाही. आणि लेबल न लावताही कामं होतात: रेडिएशन लागलेल्या अलानिनमध्ये (हेही एक अमिनो आम्ल) तयार झालेले रॅडिकल्स खूप काळ टिकतात, त्यांचा सिग्नल मोजून डोस काढतात.

राहता राहिला तुमचा तो टोमणा, की ईएसआरचे पीक सरळ नसतात, अर्धे वर अर्धे खाली, म्हणजे मशीन बिघडलंय का. नाही हो! सीडब्ल्यू मोडमध्ये (म्हणजे मायक्रोवेव्ह सतत चालू ठेवून) मॅग्नेटिक फील्ड हळूहळू सरकवताना त्यावर बहुतेक वेळा 100 किलोहर्ट्झचं छोटं मॉड्युलेशन चढवतात आणि लॉक-इनने (ठरावीक फ्रिक्वेन्सीचाच सिग्नल निवडणाऱ्या उपकरणाने) तेवढाच बदल पकडतात, त्यामुळे नॉइज कमी होतो आणि कागदावर शोषणाचा पहिला डेरिव्हेटिव्ह (म्हणजे पीकच्या चढ-उताराचा आलेख) उमटतो. नेहमीचा पीक बघायचा असेल तर एकदा इंटिग्रेट करा, आणि स्पिन किती आहेत ते हवं असेल तर दोनदा, फक्त त्याआधी बेसलाइन नीट करून घ्या, नाहीतर दुसऱ्या वेळी आकडा कुठेही भरकटतो.